पांढरीची मोजणी

जमिनीची गोष्ट निघाली की आपल्या जुन्या घरांत दोन शब्द हटकून कानी येतात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. एका ठिकाणी पिढ्यान् पिढ्या चुली पेटल्या, भिंती खचल्या, त्यांच्यावर पुन्हा भिंती उभ्या राहिल्या, म्हणजे राखेमातीचे पांढुरके टेकाड तयार होते. गाव उठून जाते, पांढरी मागे राहते. ही माती खतास उत्तम, म्हणून शेतकरी ती पूर्वीपासून गाड्या भरभरून नेत आला आहे. आता बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टर आला, आणि जे सरायला शंभर वर्षे लागली असती ते एका उन्हाळ्यात सरते.

आमच्या एका स्नेह्यांची निमाडात, नर्मदेच्या उत्तर तीरी, वडिलार्जित शेती आहे. नात्याने नव्हे, पण सवयीने आम्ही सारे त्यांना काकासाहेब म्हणतो. १९५१ च्या मध्यभारतातील जहागीर-उन्मूलनाच्या कायद्यानंतर घराण्याकडे राहिली ती विहिरीखालची बागायत आणि लगतची थोडी कोरडवाहू. गतवर्षी वाटणीच्या निमित्ताने जुने दप्तर बाहेर निघाले. त्यातील एका मोडी कागदात जमिनीची चतुःसीमा दिलेली होती आणि पश्चिमेची खूण म्हणून ‘पांढरी’ लिहिलेली होती. आता पश्चिमेला तर कोसभर गाव नाही. मग ही पांढरी कोणाची?

या एका शब्दापायी आम्ही नऊजणांनी मागच्या थंडीचे अकरा रविवार त्या शेतावर घालविले. आमच्यात पुरातत्त्वाची पदवी कोणाचीच नाही. एक निवृत्त ओव्हरसियर, दोन शिक्षिका, एक औषधविक्रेते, कॉलेजातील चार मुलेमुली, आणि बँकेतून सुटलेला प्रस्तुत लेखक. पहिल्याच दिवशी एक नियम ठरला : कुदळ कोणी हाती धरायची नाही. उत्खनन हे परवानगीचे आणि जाणकारांचे काम. एकदा उकरलेला थर पुन्हा पूर्ववत मांडता येत नाही. आपण मोजावे, चालावे, लिहून ठेवावे.

ओव्हरसियरांनी घरातली जुनी साखळी आणली होती, सहासष्ट फुटांची, शंभर कड्यांची. अशा दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, हे मुलांना तिथे प्रथम कळले. मोबाईलवर अक्षांश-रेखांश मिळतात खरे. पण विहिरीच्या काठापासून आधाररेषा आखून, दोरी ताणून, दहा-दहा मीटरचे चौकोन पाडल्याशिवाय शेत डोळ्यांत भरत नाही. नांगरट झालेल्या रानात आम्ही हारीने चालत असू. चौकोनात दिसलेली खापरे मोजायची, नमुन्यादाखल थोडी पिशवीत घालायची, पिशवीवर चौकोनाचा क्रमांक टाकायचा, आणि संध्याकाळी आकडे नकाशावर चढवायचे.

प्रथम विहीर मोजून झाली : मोटेची धाव, थारोळे, तेथून निघालेला पाट. पाटाची अर्धीअधिक लांबी बुजलेली. पण वृद्ध वाटेकऱ्याने काठी टेकीत टेकीत ती रेषा आम्हांस चालून दाखविली. “नांगर इथं अडखळतो, साहेब,” एवढाच त्याचा पुरावा, आणि साखळी लावली तेव्हा तो पुरावा खरा ठरला. पश्चिमेच्या बांधापाशी मात्र आकडे एकाएकी वाढले. जिथे चौकोनात चार-पाच खापरे मिळत, तिथे साठ-सत्तर मिळू लागली. माणसाच्या कमरेइतका उंचवटा, त्याची एक बाजू ताजी कापलेली, आणि त्या कापात लाल खापरांवर काळ्या रेघांची नक्षी.

महेश्वर-परिसरात अशा खापरांचा अर्थ लावायला फार लांब जावे लागत नाही. अहिल्याबाईंच्या घाटावर उभे राहून पलीकडे पाहिले की नावडाटोली दिसते. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी १९५२-५३ साली डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. सुब्बाराव आणि डॉ. शां. भा. देव यांच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन केले. १९५७ ते १९५९ मध्ये ते पुन्हा झाले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकऱ्यांचे खेडे तेथे निघाले : लाकडी खांबांची, कुडाच्या भिंतींची गोल आणि चौकोनी घरे, गहू, मसूर, वाटाणा, आणि मागाहून तांदूळ. तांबडटावर काळी नक्षी असलेल्या त्यांच्या भांड्यांना ‘माळवा भांडी’ हे नाव पडले. पुढे १९६८ ते १९८३ या काळात पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे घोड नदीकाठी जे उत्खनन झाले, त्यात सर्वांत खालच्या थरात हीच माळव्याची परंपरा आढळली. आपले पूर्वज अठराव्या शतकात दक्षिणेतून माळव्यात आले. ही भांडी त्यापूर्वी तीन हजार वर्षे माळव्यातून दक्षिणेत गेली होती!

आमची खापरे त्याच काळाची की नाही, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. नकाशा, छायाचित्रे आणि पिशव्या आम्ही जाणकारांच्या स्वाधीन केल्या आहेत. हौशी माणसाचे काम इथवरच, पण ते हलके नव्हे. इंग्लंडात यॉर्कशायरमधील व्हॅरम पर्सी या उजाड खेड्याच्या जागी १९५० ते १९९० अशी चाळीस वर्षे दर उन्हाळ्यात स्वयंसेवक येऊन राबले. विद्वान एकटा किती शेते चालणार?

प्रश्न होता तो वाटणीचा. पश्चिमेचा तुकडा काकासाहेबांच्या पुतण्याच्या वाट्यास गेला होता, आणि उंचवटा सपाट करून ठिबक घालण्याचा त्यांचा बेत पक्का होता. त्यांचेही चूक नव्हते; कर्ज त्यांच्या डोक्यावर, आमच्या नव्हे. आम्ही उपदेश केला नाही. नकाशा ओसरीवर पसरला. ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “काका, हे सगळं मिळून अर्धा बिघासुद्धा भरत नाही.” काकासाहेब म्हणाले, “नाहीच भरत.” एवढेच बोलणे झाले. ठिबकाच्या नळ्या उंचवट्याला वळसा घालून गेल्या, आणि त्यावर यंदा गवत राखले आहे. पुढच्या वर्षीचे वचन त्यांनी दिलेले नाही, आम्हीही मागितले नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी दप्तरे माळ्यावर असतील, आणि अनेकांची शेते आज ना उद्या विकली जाणार. विकू नका असे कोण म्हणेल? परंतु सौद्याची सही करण्यापूर्वी मोडी वाचणारा एखादा गाठून चतुःसीमा वाचून घ्या, आणि एक रविवार बांधावरून चाला. बरोबर त्या शेताचा जुना वाटेकरी असू द्या. नांगर कुठे अडखळतो ते त्याला ठाऊक असते, आणि ते कोणत्याही दप्तरात लिहिलेले नसते.