वाहन भंगारात, नोंदणी मात्र कायम

जुने वाहन भंगारवाल्याच्या हवाली केले आणि रोख रक्कम हाती आली की व्यवहार संपला, असा अनेक वाहनमालकांचा समज असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र असे वाहन अस्तित्वातच असते. प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या दफ्तरी नोंदणी रद्द होईपर्यंत त्याची मालकी, आणि मालकीबरोबर येणारी जबाबदारी, मूळ मालकाच्याच नावावर राहते. केंद्र सरकारने २०२१ पासून लागू केलेल्या नियमांचा खरा गाभा हाच आहे. करसवलतींच्या चर्चेत तो काहीसा झाकोळला गेला.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. मुदत संपल्यावर वाहन तपासणीत योग्य ठरल्यास नोंदणीचे पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. म्हणजेच १५ वर्षे पूर्ण झाली म्हणून वाहन आपोआप मोडीत निघत नाही. दुसरीकडे, वाहन नष्ट झाले किंवा कायमचे निकामी झाले तर मालकाने १४ दिवसांच्या आत अथवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवून नोंदणी प्रमाणपत्र परत करावे, असे याच कायद्याचे कलम ५५ सांगते. हे कलम नवे नाही. तीन दशकांहून अधिक काळ ते कायद्यात आहे, पण त्याचे पालन अपवादानेच होत आले.

या दुर्लक्षाची किंमत किती मोठी असू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालावरून लक्षात येते. संबंधित मोटार भंगारात नव्हे, तर वापरासाठी विकली गेली होती. अनेक हात बदलल्यानंतर २००९ मध्ये तिचा अपघात झाला. मोटार आपण पूर्वीच विकली, हे पहिल्या मालकाचे म्हणणे न्यायालयाने ग्राह्य धरले नाही. ज्याच्या नावे नोंदणी आहे तोच कायद्याने मालक, असे स्पष्ट करून न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर निश्चित केली. भंगारात दिलेल्या वाहनाबाबत धोका आणखी निराळा आहे. नोंदणी जिवंत असलेल्या वाहनाची पाटी आणि चासी क्रमांक चोरीच्या वाहनावर चढवला गेला, तर पोलिसांचा तपास आणि ई-चलन दोन्ही प्रथम मूळ मालकाच्या दारात पोहोचतात.

ही पळवाट बंद करण्यासाठी रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालयाने २३ सप्टेंबर २०२१ रोजी वाहन भंगार केंद्रांच्या नोंदणीचे आणि कामकाजाचे नियम अधिसूचित केले. त्यानुसार वाहन मोडीत काढण्याचे काम नोंदणीकृत केंद्रातच होणे अपेक्षित आहे. मालकाचा अर्ज ‘वाहन’ या राष्ट्रीय संगणक प्रणालीतून जातो. वाहनावर कर्जाचा बोजा, थकीत कर किंवा दंड नाही, ते काळ्या यादीत नाही, याची पडताळणी होते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या चोरीच्या वाहनांच्या यादीशीही ते ताडून पाहिले जाते. त्यानंतर मालकाला वाहन जमा केल्याचे प्रमाणपत्र मिळते. प्रत्यक्ष तोडणीपूर्वी इंधन, तेल, बॅटरी, वातानुकूलन यंत्रातील वायू आणि गॅसची टाकी सुरक्षितपणे वेगळी करावी लागते. चासी क्रमांकाचा कापून काढलेला तुकडा केंद्राला सहा महिने जपून ठेवावा लागतो. तोडणी पूर्ण झाल्यावर वाहन मोडीत काढल्याचे दुसरे प्रमाणपत्र दिले जाते. ही दोन प्रमाणपत्रे वेगवेगळी आहेत, आणि नोंदणी रद्द होण्याच्या दृष्टीने दुसरे विशेष महत्त्वाचे आहे.

पहिल्या प्रमाणपत्राचे मोल आर्थिक आहे. ते दाखवून नवे वाहन घेतल्यास नोंदणी शुल्क माफ होते. राज्यांना मोटार वाहन करात खासगी वाहनासाठी २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनासाठी १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची मुभा आहे. हे प्रमाणपत्र दुसऱ्याला हस्तांतरितही करता येते. याउलट जुने वाहन वापरात ठेवणे महाग करण्यात आले. मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५ हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १० हजार रुपये करण्यात आले. दुचाकी बाळगणाऱ्या अल्प उत्पन्न गटाला ही वाढ अधिक जाचते, कारण त्यांच्यापैकी अनेकांना नवे वाहन घेणे परवडणारेच नसते.

सरकारने स्वतःला मात्र सूट दिली नाही. केंद्र, राज्ये, महामंडळे आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात येते. संरक्षण तसेच कायदा व सुव्यवस्थेसाठीची विशेष वाहने तेवढी वगळली आहेत. मुंबईत टॅक्सींसाठी २० वर्षांची मर्यादा आधीपासून होती. तिच्यामुळेच ऑक्टोबर २०२३ अखेर ‘प्रीमियर पद्मिनी’ टॅक्सी रस्त्यावरून निवृत्त झाली.

राजधानी दिल्लीतील प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. तेथे तपासणीपेक्षा वय निर्णायक ठरले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१४ आणि २०१५ च्या आदेशांनी १५ वर्षांवरील सर्व आणि १० वर्षांवरील डिझेल वाहनांना बंदी केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. १ जुलै २०२५ पासून अशा वाहनांना पंपावर इंधन नाकारण्यास सुरुवात झाली, परंतु जनक्षोभामुळे हा निर्णय काही दिवसांतच स्थगित करावा लागला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाईपासून संरक्षण दिले आणि डिसेंबरमध्ये ते भारत स्टेज-४ व त्यापुढील मानकांच्या वाहनांपुरते मर्यादित केले. वयाऐवजी उत्सर्जनाकडे पाहण्याचा हा दृष्टिकोन अधिक तर्कसंगत म्हणावा लागेल. उत्तम निगा राखलेली आणि अल्प वापरलेली मोटार केवळ जन्मतारखेमुळे मोडीत काढणे पर्यावरणाच्याही हिताचे नाही.

१ एप्रिल २०२५ पासून पर्यावरण मंत्रालयाचे स्वतंत्र नियमही अमलात आले आहेत. त्यांनुसार जुन्या वाहनांतील पोलाद परत मिळवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली असून, आयुर्मान संपलेले वाहन १८० दिवसांत जमा करणे मालकावर बंधनकारक आहे. वाहन भंगार केंद्राप्रमाणेच उत्पादकाने नेमलेल्या विक्री केंद्रावर किंवा संकलन केंद्रावरही ते देता येते. शेतीचे ट्रॅक्टर, पॉवर टिलर आणि कापणी-मळणी यंत्रे यांना हे नियम लागू नाहीत.