ऊन, पुडी आणि मूत्रपिंड

आमच्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षकांचा रविवारचा एक नेम होता. न्याहारी आटोपली की 'ड' जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी दुधात ढवळून घ्यायची. गुडघे दुखतात म्हणून आठ आठवड्यांसाठी लिहून मिळालेली ही पुडी त्यांनी वर्षभर चालू ठेवली होती. जोडीला रोज कॅल्शियमच्या गोळ्या आणि कोणाच्या तरी सांगण्यावरून घेतलेली सहा लाख युनिटची दोन इंजेक्शने. मधुमेह वीस वर्षांचा, मूत्रपिंडे आधीच निम्म्याहून अधिक थकलेली. कोणी हटकले तर म्हणत, "अहो, जीवनसत्त्वच ते! त्याने काय अपाय होणार?"

अपाय झाला. आधी न भागणारी तहान, मग बद्धकोष्ठता, ओकाऱ्या आणि एके दिवशी असंबद्ध बोलणे. रक्तातले कॅल्शियम बेसुमार वाढले होते. उपचारांनी ते उतरले. मात्र मूत्रपिंडांची जी शक्ती गेली, ती सगळी परत आली नाही.

या गैरसमजाचे मूळ 'जीवनसत्त्व' या नावातच आहे. त्वचेवर ऊन पडले की शरीर 'ड' जीवनसत्त्व स्वतःच बनवते. यकृतात त्यावर पहिला संस्कार होतो आणि दुसरा, निर्णायक संस्कार होतो तो मूत्रपिंडात. तिथे तयार होते कॅल्सिट्रायॉल. हे खरे तर संप्रेरक आहे; आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस शोषून घेण्याचा हुकूम तेच देते. हे काम मूत्रपिंडच करते, हे फ्रेझर आणि कोडिचेक या केंब्रिजच्या संशोधकांनी १९७० मध्ये दाखवून दिले. केवळ लघवी गाळणारा अवयव म्हणून आपण ज्याकडे पाहत होतो, तो हाडांचाही राखणदार निघाला.

घरगुती भाषेत सांगायचे तर पुडीतले 'ड' हे धान्य, कॅल्सिट्रायॉल हे पीठ आणि मूत्रपिंड ही गिरणी. गिरणी मंदावली की पीठ कमी पडते. मग गळ्यातल्या परावटू ग्रंथी चवताळतात आणि रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून ते ओढून काढतात. हाडे ठिसूळ होतात, दुखतात. म्हणूनच काही रुग्णांना डॉक्टर तयार पीठच देतात. त्याची मात्रा किती? कॅप्सूल असते पाव मायक्रोग्रॅमची. उलट साठ हजार युनिटच्या पुडीत दीड हजार मायक्रोग्रॅम धान्य असते. दोन्हींच्या वेष्टनावर 'ड'चेच नाव असले तरी एकाऐवजी दुसरे चालत नाही.

मग धान्य थोडे जास्त साठले तर बिघडले कुठे? बिघडते ते असे की, फार साठले की ते स्वतःच पिठासारखे वागू लागते. शिवाय ते चरबीत मुरते. पुडी थांबवली तरी परिणाम कित्येक आठवडे रेंगाळतो. जादा कॅल्शियम आणि फॉस्फरस बाहेर टाकणे दुबळ्या मूत्रपिंडांना जमत नाही, आणि मग हा चुना रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचू लागतो. (उन्हाने मात्र असे विष होत नाही. जास्तीचे 'ड' त्वचाच मोडून टाकते.)

'ड' घेतल्याने मूत्रपिंडे वाचतात, ही आशाही तपासून झाली आहे. अमेरिकेत प्रौढ मधुमेहींवरील एका मोठ्या चाचणीत १,३१२ जणांना पाच वर्षे रोज दोन हजार युनिट 'ड' किंवा तसेच दिसणारे निरुपद्रवी औषध देण्यात आले. २०१९ मध्ये निष्कर्ष आला: मूत्रपिंडांच्या घसरणीत फरक नाही. जपानमध्ये डायलिसिसवरील ९७६ रुग्णांच्या चाचणीत 'ड'च्या सक्रिय जातीच्या औषधाने हृदयविकार कमी झाले नाहीत, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्याच वर्षी 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक संस्थेने सुचवले होते की, डायलिसिसवर नसलेल्या रुग्णांना कॅल्सिट्रायॉल सरसकट देऊ नये. आजार पुढच्या टप्प्यात असेल आणि परावटूचा जोर तीव्र व वाढता असेल, तरच त्याचा विचार व्हावा. मात्र साध्या 'ड'ची कमतरता आढळली, तर ती इतर माणसांसारखीच भरून काढावी, असेही ही संस्था म्हणते.

याचा अर्थ 'ड' वाईट, असा मुळीच नाही. खऱ्या कमतरतेत ते हवेच. फक्त मूत्रपिंडाच्या रुग्णाने 'ड'चा एकटा आकडा पाहून दुकानातून पुडी आणू नये. कॅल्शियम, फॉस्फरस आणि परावटूचे संप्रेरक हे तिन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय निर्णय होत नाही. आणि कोणी 'ड' लिहून दिलेच, तर तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: हे धान्य की पीठ? किती दिवस घ्यायचे? पुन्हा रक्त केव्हा तपासायचे?

आमचे गुरुजी आता सकाळी अंगणात उन्हाला बसतात. गोळ्या मोजून घेतात आणि तपासणीची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवतात. दुधाचा पेला अजून रविवारी समोर येतो. त्यात पुडी मात्र नसते.