लायब्ररीत नोकरी? हो, लायब्ररीतच!

‘बी.लिब. करून काय करणार, पुस्तकांवरची धूळ झटकणार?’ मामांनी विचारलं. हसू नका, तुमच्याही मनात हेच आलं असणार. आमच्या आष्टीत कुणी पोलीस भरतीसाठी पहाटे ग्राउंड मारतं, कुणी एमपीएससीसाठी पुण्यात खोली शोधतं. ग्रंथपाल व्हायचंय म्हणणारी वर्गात मी एकटीच.

तशी तुमची-माझी लायब्ररीशी ओळख काय, तर पंखा असलेली जागा. आपलीच गाईड्स घेऊन जायचं, दिवसभर बसायचं, निघताना पाण्याची बाटली भरून घ्यायची. मागची काचेची कपाटं कुलूपबंद. मीही दोन वर्षं तशीच जात होते.

माझ्या एका मैत्रिणीचे आईवडील ऊसतोडीला जातात. गेल्या दिवाळीनंतर धाकट्या भावंडांना सांभाळायला तिलाही जावं लागलं. जायच्या आधी ती पुस्तक परत करायला आली. अर्धंच वाचून झालं होतं, पण नियम पंधरा दिवसांचा, पुढे दंड. ग्रंथपाल सरांनी विचारलं, ‘कारखाना बंद कधी होतो?’ ‘मार्चच्या शेवटी.’ त्यांनी परतीच्या तारखेच्या जागी ‘पाडवा’ लिहिलं, कपाट उघडलं आणि आणखी दोन पुस्तकं तिच्या हातावर ठेवली. दोन्ही परीक्षेची नव्हती.

पाडव्यानंतर तिन्ही परत आली. एकाला चुलीची काजळी लागलेली, दुसऱ्यात खूण म्हणून उसाचं पाचट. सरांनी दंडाचं नावही काढलं नाही. ‘कोणतं आवडलं?’ एवढंच विचारलं. वर्गात तोंड न उघडणारी ही पोरगी अर्धा तास बोलत होती! माझं तिथंच ठरलं.

नंतर कळलं की सरांनी जे केलं त्याला शास्त्रात नाव आहे. एस. आर. रंगनाथन मद्रासला गणित शिकवायचे. 1924 मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच इतके कंटाळले की परत शिकवायला जातो म्हणू लागले. मग लंडनला जाऊन हा विषय शिकले, तिथली ग्रंथालयं पाहिली, आणि परत आल्यावर वीसेक वर्षं त्याच विद्यापीठात ग्रंथपाल राहिले. 1931 साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. पुस्तकं वापरण्यासाठी असतात, हा पहिला. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हा दुसरा. पहिला वाचला आणि मला आमची कुलूपबंद कपाटं आठवली.

कायदा नव्हता असंही नाही. बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता, तेव्हा 1955 मध्येच त्या राज्याने सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. महाराष्ट्राचा आला 1967 मध्ये. त्यातूनच गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळतं आणि अ, ब, क, ड असे वर्ग पडतात. पण तिथल्या कर्मचाऱ्यांची वेतनश्रेणीची मागणी कित्येक वर्षं तशीच आहे. मामांचा खरा मुद्दा हाच आहे आणि तो चुकीचा नाही.

म्हणून व्यवहाराचंही सांगते. कोणत्याही शाखेची पदवी चालते. बी.लिब. एक वर्षाचं, पुढे एम.लिब. तेवढंच. संभाजीनगरला आपल्या विद्यापीठात विभाग आहे, मुक्त विद्यापीठातूनही करता येतं. नेट किंवा सेट झालात तर कॉलेजच्या ग्रंथपालाला सहायक प्राध्यापकाच्या तोडीचा पगार असतो. फक्त जागा निघायला हव्यात, आणि त्या कधी निघतील याची वाट बघणारे खूप आहेत. मी स्वतःला दोन वर्षं दिली आहेत. तेवढ्यात ‘कोहा’सारखी ग्रंथालयाची सॉफ्टवेअर्स शिकून घेणार, म्हणजे खासगी संस्थेत तरी दार उघडं राहील.

आईला यातलं फारसं पटलेलं नाही. फॉर्मचे पैसे मात्र तिनेच दिले.

मैत्रीण या दिवाळीनंतर पुन्हा जाणार आहे. तिच्यासाठी यंदा कोणती पुस्तकं काढायची, ते सरांनी मला शोधायला सांगितलंय. तीन दिवस झाले, अजून दुसऱ्याच कपाटात आहे.