जॅकेट पोपटी आहे, पण रात्री दिसतंय का?

विसर्जनाच्या रात्री रस्त्यावर उभे असलेले एनएसएसचे व्हॉलंटिअर, पहाटे अंधारात निघणारा सायकल ग्रुप, रात्री पार्टटाइम डिलिव्हरी करणारा तुमच्याच वर्गातला एखादा मित्र. या सगळ्यांच्या अंगात एक भडक पोपटी जॅकेट असतं. ‘एवढं पोपटी आहे म्हणजे लांबूनही दिसणारच!’ असं तुम्हाला वाटतं ना? मग जरा थांबा.

त्या रंगाची ड्युटी दिवसाची. फ्लुरोसंट कापड उन्हातले अतिनील किरण शोषून घेतं आणि ती ऊर्जा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात बदलतं. म्हणून ढगाळ दिवशीही ते उठून दिसतं. हेडलाइटमध्ये मात्र हे किरण फारसे नसतात. त्यामुळे रात्री खरं काम करते ती करडी पट्टी. तिच्यात काचेचे बारीक मणी किंवा सूक्ष्म प्रिझम असतात आणि ते प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतात. ड्रायव्हरचे डोळे हेडलाइटच्या जवळच असतात, म्हणून त्याला पट्टी झगझगीत दिसते.

यात जीव वाचण्याचा हिशेब आहे. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे सरकते. तुम्ही ड्रायव्हरला एक सेकंद आधी दिसलात, तर ब्रेक दाबायला त्याला तेवढं अंतर जास्त मिळतं.

म्हणूनच अशा कपड्यांसाठी मानकं आहेत. आपल्याकडे आयएस १५८०९, तर आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ २०४७१. आयएसओमध्ये १, २ आणि ३ असे क्लास आहेत. आकडा जितका मोठा, तितकं जास्त दिसणं. क्लास २ साठी किमान ०.५० चौरस मीटर फ्लुरोसंट कापड आणि ०.१३ चौरस मीटर परावर्तक पट्टी लागते. म्हणजे ५ सेंटिमीटर रुंदीची पट्टी असेल, तर ती एकूण २.६ मीटर तरी हवी!

दुकानात लेबल बघाच, पण घरी एक सोपी टेस्टही करा. खोलीत अंधार करा, जॅकेट दहा पावलांवर टांगा आणि मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढा. फ्लॅश कॅमेऱ्याच्या शेजारीच असतो, त्यामुळे अस्सल पट्टी फोटोत पांढरीशुभ्र पेटते. नुसती चंदेरी रिबिन असेल, तर ती ट्यूबलाइटखाली कितीही चमको, फोटोत मंदच दिसणार.

अजून थोडी काळजी घ्या. जॅकेट मळलं की रंग आणि पट्टी दोन्ही मंदावतात, आणि लेबलवर दिलेल्या संख्येपेक्षा जास्त धुण्यांनी पट्टीचा दम जातो. मंडळाचं किंवा फेस्टचं नाव पट्टीवर छापू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं, पाठीवरची सॅक! मागची अख्खी पट्टी ती झाकून टाकते. जॅकेट सॅकवरून चढत नसेल, तर सॅकलाच परावर्तक पट्टी शिवून घ्या. मागून येणाऱ्या गाडीला आधी तुमची सॅकच दिसणार आहे.