धरलेला खांदा



"खांदा धरलाय" ही तक्रार तुम्ही पुष्कळदा ऐकली असेल. घरातल्या बाईला केसांचा अंबाडा घालता येत नाही, शेतकऱ्याला फवारणीचा पंप पाठीवर चढवता येत नाही, गुरुजींचा हात फळ्याच्या निम्म्यावरच अडतो. मग कोणी म्हणतं वात धरला, कोणी म्हणतं लचक भरली. आणि हात ओढून मोकळा करून देणारा एखादा माणूस गावात असतोच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि गेली वीस वर्षे मुख्यतः खांद्याचेच रोगी पाहते. आमच्या या विद्येची देशातली पहिली शाळा मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५०च्या दशकाच्या आरंभी निघाली. पोलिओने लुळी पडलेली मुले पुन्हा उभी करायची, ही त्या काळची मोठी निकड होती. मी शिकले तेव्हा बारावी शास्त्र शाखेनंतर चार वर्षे अभ्यास आणि वर सहा महिने रुग्णालयात उमेदवारी, असा क्रम होता. नातेवाईक म्हणत, "हात वरखाली करायला एवढं शिकावं लागतं होय?" हात वरखाली करायला नाही लागत. पण कोणता हात हलवायचा आणि कोणता हलवायचा नाही, हे कळायला लागतं.

खांद्याची रचना मोठी चमत्कारिक आहे. खुब्याचा गोळा खोल वाटीत बसलेला असतो. खांद्याचा गोळा मात्र उथळ बशीवर लिंबू ठेवावे तसा टेकलेला असतो. म्हणून तर हात चहूकडे फिरतो. त्या गोळ्याला चार लहान स्नायू सांभाळून धरतात, आणि सगळ्यांभोवती एक पातळ, सैल पिशवी असते. खांदा धरतो तेव्हा ही पिशवी सुजते, जाड होते आणि धुतल्यावर आटलेल्या सदऱ्यासारखी आखडते. अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. कॉडमन यांनी १९३४ मध्ये या दुखण्याला 'गोठलेला खांदा' असे नाव दिले. दोष पिशवीत आहे हे डॉ. नेव्हियासर यांनी १९४५ मध्ये दाखवून दिले.

पण दुखणारा प्रत्येक खांदा धरलेला नसतो. रोगी आला की मी त्याचे कोपर कुशीला टेकवून काटकोनात वाकवते आणि मनगट बाहेरच्या बाजूला नेते, दाराची फळी उघडावी तसे. त्याने नेले तर अडते आणि मी नेले तरी तिथेच अडते, म्हणजे सांधा आखडला आहे. सांध्याची झीज झाली किंवा गोळा मागच्या बाजूला निखळला तरी हात असाच अडतो, म्हणून एक्स-रे लागतो. उलट, मी हात वर नेला तर जातो पण त्याला स्वतःला नेता येत नाही, तेव्हा स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा फाटली असेल, किंवा मानेतून येणारी नस दबली असेल. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते, पण दोन्हींचा उपचार वेगळा. आणि छातीत दडपण, घाम, धाप यांच्यासोबत खांदा दुखू लागला, तर आमच्याकडे येऊच नका. तडक दवाखाना गाठा. ते दुखणे हृदयाचे असू शकते.

हा आजार साधारण चाळीस ते साठ या वयात होतो, बायकांना थोडा अधिक, मधुमेह असणाऱ्यांना तर बराच अधिक. म्हणून माझा एक प्रश्न ठरलेला असतो: "साखर तपासलीत का अलीकडे?" पहिले काही महिने ठणक असते, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. मग ठणक कमी होते पण हात अडतो. पुढे तो हळूहळू सुटू लागतो. सारे मिळून एक ते तीन वर्षे. काहींना थोडा ताठरपणा राहतोही.

आता एक कबुली देते. नवी होते तेव्हा ठणकत्या खांद्याच्या एका बाईंचा हात मी जोर लावून वर नेला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. मला वाटले, काम झाले. त्या पुन्हा आल्याच नाहीत. पुढे हॉलंडमधल्या डॉक्टरांचा २००४ सालचा अभ्यास वाचनात आला. ७७ रोग्यांपैकी काहींना दुखेपर्यंत ताण दिला होता, काहींना सोसेल तेवढेच हलवायला सांगितले होते. दोन वर्षांनी बेताने हलवणाऱ्यांत शेकडा ८९ जणांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला होता, जोर केलेल्यांत शेकडा ६३ जणांचा. त्या बाई त्या दिवशी डोळ्यांपुढे आल्या.

मग करायचे काय? ठणक फार असेल तर डॉक्टर सांध्यात सुई देतात. तिने काही आठवडे सुसह्य होतात. चांगला हात टेबलावर टेकून पुढे वाका, दुखरा हात लंबकासारखा लोंबू द्या आणि अंगाच्या झोक्याने हलकेच डोलवा. हातात वजन नको. ठणक ओसरली की उताणे निजून दोन्ही हातांत काठी धरा. चांगल्या हाताने दुखऱ्याला वर न्यायचे. व्यायामाने रात्रीची झोप मोडली, तर दुसऱ्या दिवशी तो निम्मा करा. पण हात झोळीत बांधून ठेवू नका. शस्त्रक्रियेची घाईही नको. इंग्लंडमध्ये ५०३ रोग्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये छापून आलेल्या पाहणीत भूल देऊन हात मोकळा करणे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया, आणि सुईसह पद्धतशीर व्यायाम यांपैकी कोणताच उपाय इतरांहून ठळकपणे सरस ठरला नाही.

एका प्राथमिक शिक्षकांना मी सांगितले होते, "गुरुजी, दर सोमवारी हात जिथवर पोचेल तिथे खडूने रेघ ओढा." त्यांनी वर्गाच्या दाराची चौकट निवडली. पहिले दोन महिने रेघा एकावर एकच पडत होत्या. ते चिडून आले, मी काठीचा व्यायाम थोडा बदलून दिला. नंतर रेघ बोटभर सरकली. मग पोरांनाच नाद लागला. सोमवार आला की चौकटीपाशी गर्दी, आणि "गुरुजी, टाचा उचलू नका हं!" वर्ष संपता संपता रेघ वरच्या आडव्या लाकडाला लागली. चौकट पुसायची नाही, असे त्यांनी शिपायाला बजावून ठेवले आहे.