छातीत दुखतंय? आधी घड्याळ बघा!

‘अरे, अ‍ॅसिडिटी असेल. सकाळी मिसळ हाणलीस ना!’ ऑफिसात कुणी छाती चोळायला लागलं की आपलं डायग्नोसिस तयार! हार्ट अटॅक वगैरे बाबांच्या वयाचं प्रकरण, हा आपला ठाम समज.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेला, ५२ देशांतला ‘इंटरहार्ट’ अभ्यास मात्र सांगतो, की आपल्या दक्षिण आशियात पहिला अटॅक इतरांपेक्षा पाचेक वर्षं आधीच गाठतो. डिसेंबर २०२३ मध्ये शूटिंग आटोपून घरी आलेल्या श्रेयस तळपदेला अटॅक आला, तेव्हा तो फक्त ४७ वर्षांचा होता.

आत नेमकं होतं काय? हातापायांचे स्नायू गरज पडली, की रक्तातून जादा ऑक्सिजन ओढून घेतात. हृदयाला ती चैन नाही. तुम्ही सोफ्यावर लोळत असतानाही ते आलेल्या ऑक्सिजनपैकी निम्म्याहून जास्त वापरून टाकतं. त्यामुळे जिने चढताना त्याला जास्त रक्तच लागतं. धमनी अरुंद असेल, तर ते मिळत नाही. छाती भरून येते, थांबलं की बरं वाटतं. हा अंजायना. पेशी उपाशी, पण जिवंत!

गुठळीने धमनी पूर्ण बंद झाली, की खेळ मिनिटांचा. मिनिटभरातच तिथल्या पेशींचं आकुंचन थंडावतं. लॅक्टिक अ‍ॅसिड साठत जातं. साधारण वीस मिनिटांनंतर पेशी मरू लागतात. आधी आतल्या थरातल्या, मग काही तासांत बाहेरच्या. त्यांच्या जागी नवा स्नायू येत नाही. उरतो तो टणक व्रण, जो पंपिंग करत नाही.

गुड न्यूज ही, की रक्त वेळेत पोचलं तर गलितगात्र झालेल्या बऱ्याच पेशी पुन्हा कामाला लागतात. श्रेयसला पत्नीने तातडीने हॉस्पिटलमध्ये नेलं, अँजिओप्लास्टी झाली आणि तो पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभा राहिला.

तेव्हा छातीवर दडपण, हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, धाप असं काही झालं, तर गोळी चघळत वाट बघू नका. बायकांमध्ये आणि डायबेटिस असणाऱ्यांमध्ये कधी कधी नुसती मळमळ नि थकवा एवढंच जाणवतं. स्वतः बाइक तर काढूच नका. १०८ ची मोफत अ‍ॅम्ब्युलन्स महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. हॉस्पिटलमध्ये पोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा.

आणि हो, संध्याकाळचं हिंजवडीचं ट्रॅफिक आठवा. ऑफिसजवळ चोवीस तास अँजिओप्लास्टी कुठे होते, हे आजच शोधून ठेवा. बेस्ट मिसळ कुठे मिळते हे ठाऊक असणाऱ्या पुणेकराला एवढं तर माहीत हवंच!