ओळख आणि हिशेब

लंडनच्या मॅरिलेबोन भागातील तीन मोडकळीस आलेली घरे विचारवंत जॉन रस्किन यांनी विकत घेतली आणि १८६५ साली त्यांची व्यवस्था ऑक्टाव्हिया हिल या तरुणीकडे सोपविली. भांडवलावर पाच टक्के परतावा मिळावा, ही अपेक्षा होती. हिलबाई दर आठवड्यास स्वतः दारोदार जाऊन भाडे घेत, मुलाबाळांची विचारपूस करीत, गळके छप्पर दुरुस्त करवीत. मात्र भाडे थकू देत नसत आणि भाडेकरूंना दानही देत नसत. स्नेह आणि वसुली एकाच उंबरठ्यावर नांदत, परंतु स्नेहापोटी हिशेबात सूट मिळत नसे.

पुढे ब्रिटनमध्ये भाड्याची घरे सांभाळणाऱ्या मोठ्या संस्था उभ्या राहिल्या आणि एका व्यक्तीच्या विवेकाची जागा लेखी नियमांनी घेतली. कर्मचाऱ्याने भाडेकरूकडून भेट घेऊ नये, उसनवारी करू नये, घरोबा वाढवू नये, असे दंडक अनेक ठिकाणी आले. त्यांमागे कारण आहे. दुरुस्ती आधी कोणाची, थकबाकीची नोटीस कोणाला, रिकामी खोली कोणाला, हे ज्याच्या हाती असते त्याची मैत्री इतरांच्या डोळ्यांत खुपते. निर्णय निर्मळ असला तरी संशय उरतोच. शिवाय ज्याचे छप्पर दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याला त्या माणसाचे आमंत्रण नाकारणेही अवघड जाते.

परंतु नियम ताणला की अन्याय होतो. कर्मचारी त्याच वस्तीत राहत असेल, मुले एकाच शाळेत जात असतील, तर त्याने शेजाऱ्याकडे पाठ फिरवावी काय? म्हणून शहाण्या संस्था नाते तोडावयास सांगत नाहीत, कळवावयास सांगतात. नाते लेखी नोंदवावे आणि त्या भाडेकरूचे काम दुसऱ्याकडे द्यावे, एवढे पुरते.

महाराष्ट्रात ज्या कुटुंबांच्या वा विश्वस्त निधींच्या चाळी आहेत, त्यांना हा प्रश्न परका नाही. भाडे गोळा करणारा दिवाणजी एकाच बिऱ्हाडी रोज चहा घेऊ लागला की उरलेली चाळ बोलू लागते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार भाड्याची पावती देणे बंधनकारक आहे, आणि संमतीवाचून पोटभाडेकरू ठेवणे हे घर सोडावे लागण्याचे कारण ठरू शकते. अशा वेळी दिवाणजीने मैत्रीखातर केलेली डोळेझाक मालकाला आणि भाडेकरूलाही न्यायालयाच्या पायरीपर्यंत नेते.

यावर उपाय साधे आहेत. प्रत्येक रकमेची पावती त्याच वेळी द्यावी. दुरुस्तीच्या अर्जांची क्रमवार वही ठेवावी, ती कोणालाही पाहता यावी. सणाची मिठाई पेढीवर यावी, दिवाणजीच्या घरी नव्हे. आणि हाच नियम मालकाच्या मुलांनाही लागू असावा. नोकराला अंतर राखावयास सांगून मालकानेच आवडत्या भाडेकरूला झुकते माप दिले, तर नियम कागदावरच राहतो.

भाडेकरूच्या घरी आजारपण असेल, तर दिवाणजीने जरूर जावे. त्या भेटीची वही कोणी मागणार नाही. वही पैशांची आणि खोल्यांची असते. ती स्वच्छ असली, तर दारात थांबून दोन शब्द बोलण्याचे भय कोणालाच उरत नाही.